श्रियाच्या हाती पाठवलेली पत्रं

नौपाडा, ठाणे
१६ जून २०२४

श्री. मुकुल आणि सौ. कादंबरी टिपणीस यांस नमस्कार.

हे पत्र तुमच्या श्रियाच्याच हाती देते आहे. माझ्या क्लासची ही पद्धत आहे. पालकांशी मी मोबाइलवर बोलत नाही. कागदावर लिहिते, पाकीट चिकटवते आणि मुलांकडे सोपवते. आपल्याबद्दल लिहिलेला कागद न उघडता घरी पोचवणं हाही शिष्टाचारच आहे.

बत्तीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून रविवारी सकाळी बारा-चौदा वर्षांच्या मुलांना जेवायला कसं बसावं ते शिकवते. आजची मुलं आमटीच्या वाटीला मोबाइल टेकवून जेवतात. ताटात काय पडलं ते त्यांना ताट रिकामं झाल्यावर कळतं. माझ्याकडे आधी आपलं ताट शिकायचं. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, पाण्याचं भांडं डाव्या हाताला. ते अंगवळणी पडलं की टेबल. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, तिची धार ताटाकडे, आणि पेला उजवीकडे.

श्रिया हुशार आहे. एकदा दाखवलं की तिला मांडणी पाठ होते. पण दोन खोडी सांगते. कुणी ताट ओढून नेईल अशा घाईने ती जेवते. आणि मी तपासायला पाठीमागे उभी राहिले की तिचा हात थरथरतो नि मीठ सांडतं. दुसऱ्या मुलांवर ओरडले तरी ती डोळे मिटते. एकुलती एक, लाडाची, म्हणजे असं व्हायचंच. उपाय एकच, सराव. रोज संध्याकाळी घरातली पानं तिला मांडू द्या, आणि वडिलांनी तपासून चुका वहीत लिहून ठेवाव्यात. वडील अशासाठी म्हणते की आयांचा हात मऊ असतो.

सुमेधा वर्तक


डोंबिवली (पूर्व)
२२ जून २०२४

आदरणीय बाईंना मुकुल टिपणीसचा साष्टांग नमस्कार.

आपण मला ओळखलं नाहीत. आठवी ब, १९९४. खिडकीकडची तिसरी रांग. श्रियाला तुमच्याकडे घातलं ते जाहिरात बघून नव्हे, खाली तुमचं नाव बघून.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत क्वालिटी विभाग सांभाळतो. माझ्या हाताखालून गेलेला माल परत येत नाही. त्याचं श्रेय मी कायम आपल्याला देतो. रविवारी श्रियाला सोडायला येतो तेव्हा खाली गाडीतच थांबतो. वर आलो तर पुन्हा आठवीत गेल्यासारखं होईल.

आपल्या सांगण्याप्रमाणे वही केली. पहिल्या दिवशी अकरा चुका, दुसऱ्या दिवशी सात. चुकलेलं ताट मी खाऊ देत नाही. मोरीत रिकामं करतो आणि पहिल्यापासून मांडायला लावतो. मंगळवारी चार वेळा मांडावं लागलं. चौथ्या वेळी वाढायला काही उरलं नव्हतं, म्हणून ताट रिकामंच मांडून घेतलं. थरथरीवरही काम सुरू आहे. ती मांडत असताना मी पाठीमागे पट्टी घेऊन उभा राहतो. हाताला सवय व्हायला वेळ लागतो, पण होते. हे स्वतःवरून सांगतो.

कादंबरीला हे जास्त वाटतं. तिच्या माहेरी सगळे पातेल्यातून घेऊन खायचे. तिचीही शिकवणी सोबतच चालू आहे.

आपला विद्यार्थी,
मुकुल


नौपाडा
७ जुलै २०२४

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

अरे, आधीच नाही का सांगायचं? चेहरा आठवत नाही, खोटं कशाला बोलू. एकेका वर्गात साठ मुलं असायची. पण तुझं अक्षर बघून ऊर भरून आला. बाकीच्या पालकांची पत्रं म्हणजे दोन ओळी आणि खाली अंगठ्याचं चित्र. एका आईने तर लिहिलंय, पिझ्झा कुठल्या हाताने खायचा तेवढं शिकवा. असा पालक मिळायला भाग्य लागतं. अन्न मोरीत टाकू नकोस एवढंच म्हणेन. पण पोट रिकामं असलं की डोळे उघडतात, हेही खरं.

आता तक्रार. आज काचेचे पेले काढले होते. भांडं डावीकडे आणि पेला उजवीकडे, यात श्रियाचा गोंधळ झाला. हात लागून पेला पडला नि फुटला. पेल्याचं काही नाही. पण कोणी बघायच्या आत तिने तुकडे गोळा करून स्कर्टच्या खिशात भरले आणि तो हात खिशातच ठेवून तासभर डाव्या हाताने मांडत राहिली. माझ्याकडे चेंदणीच्या कोळीवाड्यातून मनुबाई भांड्यांना येते. तिला नॅपकिनवर रक्त दिसलं म्हणून कळलं. तळहातात काच रुतली होती. आम्ही चिमट्याने काढली, पोर हूं की चूं करेना.

मला राग आला तो लपवण्याचा. चूक झाली तर उभं राहून सांगावं. या वयात खोटेपणा मुरला की जन्मभर जात नाही. जरा कान पिळ तिचा.

सुमेधाबाई


डोंबिवली
१३ जुलै २०२४

आदरणीय बाई, नमस्कार.

कान पिळला.

लपवणं ही एकच गोष्ट मला सहन होत नाही. त्या संध्याकाळी तिच्या हाताला बांधलेली पट्टी सोडायला लावली आणि त्याच हाताने सगळ्यांच्या पानात मीठ वाढायला लावलं. चमच्याने नाही, चिमटीने, आपण शिकवायचात तसं. तीन पानं होती, पण सराव व्हावा म्हणून वीस पानं मांडली. आपल्याला ऐकून बरं वाटेल, एकदाही सांडलं नाही.

कादंबरी मध्ये पडली. भिंतीचा तेवढा भाग रंगवून घ्यायला रंगारी बोलावला आहे. आता ती मध्ये पडत नाही.

वहीत काल पहिल्यांदा शून्य लिहिलं. हे आपलं यश आहे.

मुकुल


नौपाडा
२८ जुलै २०२४

चि. मुकुल यास आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवते आहे. गेल्या रविवारी, म्हणजे २१ तारखेला, मी श्रियाच्या हाती एक पत्र दिलं होतं. टेबलावर सुऱ्या मांडताना ती अचानक खाली बसली आणि टेबलाखालून बाहेर येईना, त्याबद्दल लिहिलं होतं. तुझं उत्तर नाही. आज तिला विचारलं, पत्र दिलंस का? म्हणाली, हो. तू उत्तर देणार नाहीस असं होणार नाही, म्हणजे तिने ते दडवलं. आधी काचा, आता पत्र. विचार तिला.

तुझं मिठाचं वाचून क्षणभर कसंसंच झालं होतं. मग म्हटलं, बाप आहे, त्याला कळतं.

आमच्या मनुबाईची एक गंमत सांगते. भांडी विसळता विसळता म्हणाली, ‘बाय, ती पोर मार खातंय.’ तुला काय माहीत गं, म्हटलं. तर म्हणे, ‘मी ताट काढाया हात वर केला का ती आधी डोकं झाकतंय. मी पन तशीच झाकायची.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. हिचा नवरा पिऊन मारायचा, म्हणून हिला घरोघरी तेच दिसतं. मी तिला तुझी पत्रं वाचून दाखवली. म्हटलं, असं अक्षर आणि अशी भाषा असलेल्या घरात असले प्रकार होत नसतात. त्यावर म्हणाली, ‘अक्षराला काय करतंस, त्यात लिवलंय काय ता वाच ना,’ आणि भांडी आदळत निघून गेली.

सुमेधाबाई


डोंबिवली
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. श्रिया दोन रविवार आली नाही आणि अजून काही रविवार येणार नाही.

आपलं पत्र एक तारखेला मिळालं. तिला विचारलं. आधी म्हणाली, पत्र नव्हतंच. मग म्हणाली, हरवलं. तिसऱ्यांदा खरं बोलली, की फाडून तुमच्या जिन्यात टाकलं. या तीन उत्तरांना पाऊण तास लागला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं आहे. घरातली पितळी पळी जुनी, जड आहे. तिच्या वजनाचा मला अंदाज आला नाही. ही माझी चूक मी वहीत लिहिली आहे.

डॉक्टरांना आणि शाळेत आम्ही ‘दारात हात सापडला’ असं सांगितलं. हे वाक्य आपलंच आहे, बाई. आठवतं? शाळेचं स्नेहभोजन होतं. पंगतीत सगळ्यांना वाढून व्हायच्या आत मी जिलबीचा तुकडा तोंडात घातला. आपल्या हातात आमटीची पळी होती. माझं एक नख निघालं. मग आपण मला नळाखाली नेलंत, हात धुतलात, स्वतःच्या रुमालाने बांधलात आणि म्हणालात, ‘घरी सांग, दारात बोट सापडलं.’ मी तसंच सांगितलं. तीस वर्षं झाली, आई गेली, तिलाही खरं सांगितलं नाही. त्या दिवशी मी माणूस झालो, असं मी मानतो.

त्या मनुबाईचं मात्र आवडलं नाही. आपल्या घरात येऊन दुसऱ्याच्या घराबद्दल बोलणारी बाई ठेवू नये, ही नम्र विनंती. येत्या २५ तारखेला, रविवारी, आमच्याकडे जेवायला यावं. पानात एक चूक सापडणार नाही.

मुकुल


नौपाडा
१३ ऑगस्ट २०२४

सौ. कादंबरी,

हे पत्र मनुबाई कल्याणला, तुम्ही काम करता त्या लॅबमध्ये आणून देईल. प्रवेशाच्या फॉर्मवर तिथला पत्ता होता. फोन केला नाही. तुमचा फोन तुमच्याच हातात असतो की नाही, मला माहीत नाही.

मुकुलचं पत्र काल आलं. तेव्हापासून मी जेवलेले नाही. घास तोंडाशी नेला की पळी दिसते.

मला तो मुलगा आठवला. लिहितानाही हात धजत नाही, तरी लिहिते. त्याच्या पत्रावरून वाटेल की शाळेत मी त्याला पळीचा एक फटका मारला. एक नव्हता. सात-आठ होते. पहिला जिलबीसाठी होता. बाकीचे तो रडत नव्हता म्हणून मारले. तो रडला असता तर मी थांबले असते. त्याने हात मागे घेतला नाही, माझ्याकडे बघत राहिला, आणि मला वाटलं हा माझा अपमान करतोय. समोर पंगत बसली होती, सगळी मुलं बघत होती. कुणीही जिलबीला हात लावला नाही. त्याचा मला अभिमान वाटला होता. मग नळापाशी भीती वाटली, नोकरीची. म्हणून ते दाराचं वाक्य. हे सगळं मी इतकं व्यवस्थित विसरले होते की तुमच्या मुलीला ‘लपवते’ म्हणायला माझी जीभ अडली नाही.

मनुबाईला मी त्याचं पत्र वाचून दाखवलं. तिने मला चार शब्द सुनवावेत म्हणून वाट बघत होते. तिने पदर खोचला आणि म्हणाली, ‘पत्ता सांग.’

श्रियाला घेऊन माझ्याकडे या. आज, उद्या, कधीही. इथून दोन इमारती सोडून माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, त्यांना बोटं दाखवू. पोलिसांत जायचं तर मी सोबत येते. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी ठरवलेलं आजवर फार झालं.

सुमेधा वर्तक


कल्याण
१७ ऑगस्ट २०२४

सुमेधाबाई,

लॅबमध्ये बसून लिहितेय, रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. नमस्कार वगैरे लिहीत नाही.

तुमच्या पत्राचा वार आम्हाला पाठ झाला होता. श्रिया गाडीतून उतरली की मी आधी तिचे हात बघायचे, पाकीट आहे का. पाकीट असलं की मी खिडक्या लावून घ्यायचे, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. तुम्ही ‘सराव’ लिहिलंत, पट्टी आली. ‘कान पिळ’ लिहिलंत, मीठ आलं. मी तिच्या हातातून मिठाची वाटी काढून घेतली तर त्याने माझं डोकं धरून भिंतीवर आपटलं. भुवईला चार टाके पडले. भिंत रंगवून झाली.

तो आधीपासून मारतो. तुम्ही सुरू केलं नाहीत. पण आधी त्याला मारल्यावर दोन दिवस लाज वाटायची, गोड बोलायचा, आइस्क्रीम आणायचा. जूनपासून लाज गेली. बाईंची परवानगी होती ना.

एक तारखेला त्याने मला बाल्कनीत काढून काचेचं दार लावलं, म्हणजे मला दिसेल पण येता येणार नाही. श्रिया ओरडली नाही. ती फटके मोजत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. नंतर मी विचारलं, किती? ती म्हणाली, बारा, पण दोन टेबलावर बसले.

तेरा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगून तरी काय? सोसायटीत त्याच्यासारखा सज्जन माणूस नाही. गणपतीची पंगत तोच वाढतो.

आता माझं ऐका. त्याची पत्रं तुमच्याकडे आहेत ना? कबुलीजबाब कुणी इतक्या सुंदर अक्षरात देत नाही. ती मला हवीत. तुमची तीन त्याने फाइलला लावून ठेवली आहेत, ती मी घेतली. ती पण द्यायची. त्यात तुम्ही कशा दिसता ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या नौपाड्यात तुम्हाला सगळे बाई-बाई करतात, ते उद्या करणार नाहीत. शाळेतलं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हे सगळं कबूल असेल तर शुक्रवारी, २३ तारखेला, तो कामावर गेला की अकरा वाजता मी श्रियाला घेऊन खाली उतरते. एकटीने उतरायचं बळ माझ्यात नाही. नसेल कबूल तर मनुबाईंना पुन्हा पाठवू नका.

कादंबरी


नौपाडा
२५ ऑगस्ट २०२४

मुकुल,

आज तुझ्याकडे मला जेवायचं बोलावणं होतं. हे पत्र तुझ्या वकिलांच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तू कोठडीत आहेस ते मला माहीत आहे.

शुक्रवारी अकरा वाजता मी आणि मनुबाई तुझ्या इमारतीखाली रिक्षा घेऊन उभ्या होतो. मनुबाई आमच्या पुढे चालत होती, मासळीबाजारात वाट काढतात तशी. पोलीस चौकीत मी तुझी तीन पत्रं टेबलावर ठेवली आणि माझी तीन त्यांच्या शेजारी. तक्रार लिहून घेणारी मुलगी पंचविशीची असेल. तिला तुझी पत्रं मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा माझा आवाज स्थिर होता. माझी वाचायला घेतली तेव्हा दोनदा पाणी मागितलं. मग शाळेतलं सांगितलं, पहिल्या फटक्यापासून रुमालापर्यंत. तिने विचारलं, ‘हे पण लिहायचं का, आजी?’ म्हटलं, लिही. संध्याकाळपर्यंत ते नौपाड्यात सगळीकडे पोचलं होतं. अकरा मुलांच्या पालकांनी मुलं पाठवणार नाही असं कळवलं, बरं केलं. क्लास मी त्याआधीच बंद केला होता.

आता तुझ्याशी बोलायचं आहे, आणि दोघांशी वेगवेगळं.

आठवी ब मधल्या मुकुल, तुला भूक लागली होती. त्यात काही चुकलं नव्हतं. तू त्या दिवशी माणूस वगैरे काही झाला नाहीस. त्या दिवशी एका मोठ्या बाईने तुझा हात फोडला आणि तुला खोटं बोलायला शिकवलं. माझं चुकलं. तू आईला सांगायला हवं होतंस. मी तुझी ती वाट बंद केली, त्याचं मला आयुष्यभर वाईट वाटत राहील, आणि वाटावंच.

त्रेचाळीस वर्षांच्या मुकुल, तुला मात्र माझ्याकडून आशीर्वाद नाही, दयाही नाही. तुझ्या हातात पळी होती तेव्हा मी तिथे नव्हते. पाऊण तास होता तुझ्याकडे. पाऊण तासात ती कितीदा तरी खाली ठेवता आली असती. मी तुला मारलं म्हणून तू मारलंस, असं कोर्टात तुझे वकील म्हणतील. मला साक्षीला बोलावतील. मी येईन, आणि म्हणेन की हो, मी मारलं, आणि तरीही हे त्याने केलं.

सुमेधा वर्तक


२९ सप्टेंबर २०२४

सुमेधा बाई,

मी आता कुठे राहते ते आईने लिहू नको सांगितलंय, म्हणून पत्ता नाही. आई म्हणाली, क्लास सोडताना कळवायचं असतं. तुम्ही बंद केलाय हे माहितीये, तरी कळवते.

प्लास्टर निघालं. करंगळी अर्धीच वळते. फिजिओथेरपीवाल्या ताई म्हणाल्या, हळूहळू होईल. मनुबाई दोनदा येऊन गेल्या, सुकट घेऊन. आईने तुमच्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या की तुम्ही नीट जेवत नाही. जेवत जा.

एक सांगायचंय. तुम्ही माझ्या हाती दिलेली सगळी पत्रं मी वाचायचे. पाकीट चिकटवलेलं असलं तरी तुमच्या जिन्यातल्या खिडकीत उजेडाला धरलं की आतलं दिसतं. तीन मजले उतरायला मला वेळ लागायचा, बाबा खाली हॉर्न वाजवायचे. वाचून झालं की मी ते बाबांना नेऊन द्यायचे. न दिलेलं एकच.

तुम्ही माझ्याबद्दल बाबांना चार पत्रं लिहिलीत. मला तुम्ही दोनच गोष्टी विचारल्या, हात धुतलेस का आणि पत्र दिलंस का. काचा खिशात का घातल्या, टेबलाखाली का बसले, हे तुम्ही मला विचारलं नाहीत, बाबांना लिहिलंत. मी समोरच होते.

मी एकूण आठ रविवार आले. दर रविवारी जिना चढताना ठरवायचे, आज बाईंनी विचारलं तर सांगून टाकायचं.

श्रिया